चातुर्मासाची मुदत

आषाढ शुद्ध ९, शके १८६६. नांदेड

आजपासून रोजनिशी लिहायचं ठरवलं. घरात काहीतरी शिजतंय, आणि ते चुलीवर नाही. वेळीच नोंद असलेली बरी.

मी शेषेराव, इथल्या सरकारी शाळेत, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत मदरशात, ड्रिल मास्तर. ही वही मदरशातच राहील, लेझमांच्या कपाटात. किल्ली माझ्या करगोट्याला. माझ्या बायकोला, चंद्रप्रभेला, वाचता येतं, हा तिच्या वडिलांचा लातूरकरी शौक. नसतं येत तर वही घरी ठेवली असती.

लग्नाला आठ वर्षं झाली, पाळणा हलला नाही. आईनं भोकरच्या माधवरावांची सिंधु पाहून ठेवली आहे, माझ्यासाठी दुसरी म्हणून. आईला एकादशीच्या आत बार उडवायचा होता. माधवराव म्हणाले, चातुर्मास जाऊ द्या, तुळशीचं लग्न लागलं की पहिला मुहूर्त धरू.

काल हे चंद्रप्रभेला सांगितलं. वाटलं रडेल, निदान ताट तरी बाजूला सारेल. ती म्हणाली, "म्हणजे चार महिने हायेत." आणि भाकरी उलटली. रडणाऱ्या बाईचं माणूस समजू शकतो. मुदत मोजणाऱ्या बाईचं काय समजायचं?

मागच्या महिन्यात ती माहेराहून, लातूरहून आली तेव्हापासून हे असंच आहे. आल्या दिवशी म्हणाली, "तिथं डॉक्टरीणबाईला दाखवलं. माझ्यात काही खोट न्हाई म्हणल्या. मालकानं बी दाखवावं म्हणल्या." मी ताट भिंतीवर फेकलं. पंचक्रोशीत माझ्यासारखी छाती कुणाची नाही आणि मी दाखवायचं? त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. एकदा बोलून गप्प बसणारी बाई मनातून गप्प नसते.

आषाढ शुद्ध १२

एकादशीला आईसमोर पदर घेऊन ही म्हणाली, "आई, चातुर्मासात घरच्या धन्यानं रोज पहाटं गंगेवर गार पाण्यानं आंघोळ करायचा नेम धरला तर पदरात पडतंय म्हणत्यात." आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. आईचे डोळे भरून आले. मला कुणी विचारलंच नाही.

मी कढत पाण्याचा माणूस. सकाळी तालीम झाली की कढत पाणी, आणि संध्याकाळी निंबाचा पाला टाकून उकळलेल्या पाण्याच्या घंगाळात बसून कमरेला शेक. वस्ताद सांगायचे, शेक आणि आवळ लंगोट, गड्याची हीच दोन औषधं. सतरा-अठरा वर्षं मी ती पाळतो आहे. दिवसाही आवळलेला, झोपतानाही आवळलेला.

आता चार महिने नदी. ज्या बाईवर सवत येणार तिला नवऱ्याच्या पुण्याची एवढी काळजी कशाला? माझा नदीत पाय घसरावा, असा तर बेत नाही ना? काठाकाठानंच बुडी मारतो.

आषाढ वद्य ५

संध्याकाळी घंगाळ मागितलं तर म्हणे कल्हईला दिलं.

"अंघोळीच्या घंगाळाला कल्हई कशाला?"

"आतून हिरवं पडलं होतं."

"मग कधी मिळेल?"

"लढाईमुळं कथील मिळून न्हाई राहिलं म्हणे. वेळ लागंल."

कल्हईवाल्याच्या घरी स्वतः गेलो. घंगाळ खरंच त्याच्या अंगणात होतं, उलटं घातलेलं, वर त्याची कोंबडी. म्हणाला, "बाईसाब बोल्या, कुछ गडबड नाही, ठेवा तुमच्याकडंच." घंगाळ परत आणणार होतो, पण आई म्हणाली की नेम गार पाण्याचा आहे आणि संध्याकाळचा शेक त्यात बसत नाही. सासू-सुनेचं कधी नव्हे ते एकमत झालं. पाणी कुठंतरी मुरतंय.

आषाढ अमावास्या

आता मात्र हद्द झाली. माझे लंगोट नाहीसे होत आहेत.

आधी एक दोरीवरून गेला. वाटलं माकडं. मग धुण्यातला गेला. काल घडी घालून ट्रंकेत ठेवलेला गेला. माकडं ट्रंक उघडत नाहीत. हिला विचारलं तर म्हणते, "जुने झाले होते, इरले असतील." कपड्याचं कंट्रोल, नवा तुकडा कुठं मिळेना. तिनं आपलं एक जुनं लुगडं फाडून नाडीची ढगळ चड्डी शिवून दिली. एवढी ढगळ की तिच्यात दोन मास्तर मावतील. ती घालून ड्रिल घेतली. पोरं काही बोलली नाहीत, पण माझ्याच हुकमात जोर नव्हता.

लंगोट कोण चोरतं? अंगचा कपडा चोरतात तो एकाच कामासाठी. केस, नख आणि अंगाला लागलेलं कापड. लहान लेकराला सुद्धा ठाऊक आहे. कुणीतरी माझ्यावर करणी करून राहिलं आहे.

श्रावण शुद्ध ६

आईनं साखराबाईला आणलं. शुक्रवारी तिच्या अंगात देवी येते. घुमली, केस सोडले, आणि म्हणाली, "बाईचा हात हाय. घरातलीच हाय." आईनं माझ्याकडं पाहिलं. मी चंद्रप्रभेकडं. ती साखराबाईला वारा घालत होती, अगदी शांत.

उतारा टाकला, ताईत बांधला. साखराबाईनं बजावलं की करणी उतरेस्तोवर नवा लंगोट अंगाला लावायचा नाही, नाहीतर तोही जाईल. ती जाताना चंद्रप्रभेनं तिच्या पदरात शेर-दीड शेर ज्वारी टाकली. आरोप करणाऱ्या बाईला कुणी ज्वारी देतं का?

श्रावण शुद्ध १३

लातूरचा वीरण्णा आला होता. हिच्या माहेरच्या गल्लीतला, डाळीचा व्यापारी. दर पंधरवड्याला इकडं खेप करतो आणि प्रत्येक खेपेला हिच्यासाठी वडिलांकडचं गाठोडं आणतो. पूर्वी वर्षाकाठी एखादं यायचं.

ओट्यावर बसून दोघं हळू बोलत होती. मी खाकरलो तशी गप्प झाली. वीरण्णा म्हणाला, "मास्तर, तब्येत खुलली तुमची." हा माझ्या तब्येतीचा हिशेब कशाला ठेवतो?

गाठोड्यात तपकिरी पीठ. ते चंद्रप्रभा रोज माझ्या दुधात कालवते. विचारलं तर, "मोड आलेल्या गव्हाचं हाय, ताकद येती." मी अर्धं दूध मांजरीला पाजलं आणि मदरशातून दोनदा येऊन पाहून गेलो. मांजर मरेना. उलट शेजारच्या बोक्याला पळवून लावलं. मंद विष असावं. पण दूध चविष्ट असतं, त्यामुळं माझ्या वाटणीचं अर्धं पितो.

श्रावण वद्य ३

आज जे केलं ते कुणालाच सांगणार नाही.

स्टेशन रोडला रामकिशन डॉक्टरनं नवा दवाखाना घातला आहे. फौजेतून आलेला माणूस. त्याच्याकडं खुर्दबीन आहे, डोळा लावला की केस दोरखंडाएवढा दिसतो. चंद्रप्रभेचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं. म्हटलं, एकदाचा दाखला घ्यावा आणि वेळ आली की तिच्या तोंडावर मारावा. शीशीत काय द्यायचं ते दिलं. शरमेनं कान तापले होते.

डॉक्टरनं बराच वेळ पाहिलं, मग मलाच पाहायला लावलं. काचेवर धुकट पाणी आणि त्यात शेपटीवाले कण. बहुतेक निपचित. एखादा कुठं तरी वळवळत होता, तोही जागच्या जागी. म्हणाला, "मास्तर, दमाचा आणि याचा काही संबंध नाही. तुम्ही पैलवान असाल, पण बीज फार थोडं आहे आणि जे आहे त्यात चाल नाही."

मी म्हणालो, माझ्या घरात आणि तालमीत कुणी असं नाही.

"बसा. याला इलाज असतो पुष्कळदा. लहानपणी गालफुगी झाली होती का? आंघोळीला पाणी कसं घेता? आत काय घालता, आवळ की सैल?"

मी उठलो. रोग विचारायचा सोडून कपडे विचारणारा हा डॉक्टर की शिंपी? इलाज-बिलाज ऐकून घेतला नाही. जोडे घातले आणि निघालो.

तर आपलंच नाणं खोटं.

श्रावण वद्य ४

ड्रिल घेतली नाही. पोरांना सावलीत बसवलं.

भाद्रपद शुद्ध १०

महालक्ष्म्या झाल्या. आमच्या घरी पितळी मुखवटे असतात. लग्न झाल्यापासून पुढची लेकरं मांडायचं काम चंद्रप्रभेचं. यंदा आईनं तिच्या हातातून बाळाचा मुखवटा काढून घेतला. "तू राहू दे. भरल्या ओटीच्या बाईनं हात लावायचा असतो." गल्लीतल्या बाया होत्या. ती माजघरातून उठली आणि मागच्या दारी पत्रावळी लावत बसली.

मी दारातच होतो. शब्द अगदी जिभेवर आला होता. आई, खोट तिच्यात नाही. एवढंच. पण पुढं आई विचारणार, मग कुणात? आणि त्या बाया तिथंच. उद्या सगळी गल्ली, परवा तालीम, तेरवा मदरसा.

बोललो नाही. वाईट वाटलं, फार वाटलं. संध्याकाळी तिला मोगऱ्याचा गजरा आणून दिला. ती म्हणाली, "आज काय विशेष?" मी म्हणालो, असंच. तिनं माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. तिला शक आला असेल का?

आश्विन शुद्ध ११

माधवराव भोकरहून येऊन गेले. मार्गशीर्षातला मुहूर्त नक्की झाला. सुपारी फुटली. मी होऊ दिली. मनाची समजूत अशी घातली की डॉक्टर चुकतात, खुर्दबीनही चुकत असेल.

सिंधु अजून पोरसवदा आहे म्हणे. तीही आठ वर्षांनी मागच्या दारी पत्रावळी लावेल. हा विचार लिहिल्यावर खोडणार होतो, पण राहू द्या.

तालमीत जाणं कमी झालं आहे. ताईत आहे, लंगोट नाही. गार पाण्याची मात्र सवय लागली. शरीर हलकं वाटतं. चंद्रप्रभाही अलीकडं हसून बोलते. ज्या बाईचं घर महिन्या-दोन महिन्यांत वाटलं जाणार ती हसते कशी?

कार्तिक वद्य ८

चंद्रप्रभेला दिवस गेले. सुईण लक्ष्मम्मा पाहून गेली, दोन महिने म्हणाली. आईनं देवापुढं साखर ठेवली, गल्लीत वाटली. साखराबाई येऊन गेली आणि करणी उतरली म्हणून लुगडं घेऊन गेली. माझी पाठ थोपटून तालमीतल्यांचे हात दुखले.

मी हसत होतो. आतून मेलो होतो. जे काचेवर निपचित पडलेलं मी माझ्या डोळ्यानं पाहिलं, ते उठून चालायला लागलं की काय? मेलेलं जिवंत होत नसतं. कुंपणानंच शेत खाल्लं. ती गाठोडी, ते ओट्यावरचं हळू बोलणं, ते "तब्येत खुलली मास्तर". चार महिने तिनं मुदत मोजली आणि मुदतीत काम उरकलं.

आईनं भोकरला निरोप पाठवला. लग्न मोडलं नाही, नुसतं पुढं ढकललं. म्हणाली, "आठ वर्षं वांझ राहिलेली कूस, तिचा काय भरोसा? टिकलं तर टिकलं, पोरगा झाला तर झाला. न्हाईतर सिंधु हायेच."

मार्गशीर्ष शुद्ध २

विचारलं. आई देवळात गेली होती. चंद्रप्रभा गहू निवडत होती.

"कुणाचं आहे?"

"काय कुणाचं?"

"पोटातलं. मला वेडा समजू नको. डॉक्टरनं मला खुर्दबिनीत दाखवलंय. माझ्यात बीज नाही, असलं तर मेल्यातच जमा. मग हे कुठून आलं? वीरण्णाकडून?"

वीरण्णाचं नाव ऐकून ती संतापेल असं वाटलं होतं. तिनं सूप खाली ठेवलं आणि भलतंच विचारलं.

"कवा दाखवलं?"

"श्रावणात."

"श्रावणात. म्हणजे महालक्ष्म्याच्या आधी."

मी काय बोलून बसलो ते मला तेव्हा कळलं.

ती म्हणाली, "आईनं माझ्या हातातलं बाळ काढून घेतलं तवा तुम्ही दारात उभे होते. तुम्हाला ठाऊक होतं. सुपारी फुटली तवा बी ठाऊक होतं."

"प्रश्न तो नाही."

"माझा तोच हाय."

मग तिनं सांगितलं, आवाज न चढवता. लातूरची डॉक्टरीणबाई म्हणाली होती की पुरुषाचं बीज गरमीनं मरतं. म्हणून तर देवानं ते अंगाबाहेर ठेवलंय, गारव्याला. कढत पाण्यात बसलं, रात्रंदिवस आवळून बांधलं की ते तयारच होत नाही. सोडलं तर तीन-चार महिन्यांत पुष्कळांचं सुधारतं, सगळ्यांचं नाही. मोडाच्या गव्हाचं पीठही बाईनंच सांगितलं होतं, आणि ते वडील वीरण्णाबरोबर धाडत होते.

"लंगोट मीच चुलीत घातले. घंगाळ मीच धाडलं. साखराबाईला नवा लंगोट घालू देऊ नको म्हणून मीच सांगितलं, ज्वारी त्याचीच."

"मला सरळ सांगायचं होतं."

"सांगितलं होतं. त्या ताटाचा डाग अजून भिंतीवर हाय."

मी म्हणालो, हे सगळं खरं कशावरून?

तिचा चेहरा तेव्हा पडला. इतकं सगळं बोलेपर्यंत पडला नव्हता. म्हणाली, "जा, तुमच्या खुर्दबिनीला इचारा. माझ्यावर नका ठेवू इश्वास."

मार्गशीर्ष शुद्ध ४

ती सकाळच्या मोटारीनं लातूरला गेली. आईला वाटलं, पहिलटकरीण, माहेरची ओढ. मी अड्ड्यापर्यंत ट्रंक नेली. लढाईमुळं कोळशावर चालणारी मोटार, ती सुरू होईना, बराच वेळ आम्ही शेजारी उभे होतो. ती म्हणाली, "आईला जवा सांगाल की खोट कुणात होती, तवा न्यायला या. भोकरचं दार उघडं ठेवून मी त्या घरात बाळंत व्हणार न्हाई."

मार्गशीर्ष शुद्ध ६

गेलो रामकिशन डॉक्टरकडं. शीशी दिली. यावेळी त्यानं बसा म्हणायच्या आत बसलो.

त्यानं पाहिलं आणि खुर्ची सरकवून दिली. मी डोळा लावला. काच गजबजलेली होती. जत्रेत माणसं सुटतात तसे सगळे निघाले होते, कुणी कुणासाठी थांबत नव्हतं. डॉक्टर म्हणाला, "इलाज कुणाचा घेतला?" मी म्हणालो, बायकोचा. तो हसला. त्याला विनोद वाटला.

दवाखान्याच्या पायरीवर बसून मी रडलो. आनंद होता आणि लाजही होती, त्यातलं काय जास्त ते सांगता येत नाही. तिनं सांगितलं ते मी ऐकलं आणि मानलं नाही. काचेनं सांगितलं आणि लगेच मानलं. वीरण्णाबद्दल जे लिहिलं ते वाचवत नाही. पानं फाडणार नाही, राहू द्या.

मार्गशीर्ष शुद्ध ९

आईला सांगितलं. जेवण झाल्यावर पाट ओढून समोर बसलो आणि एका दमात म्हणालो, "आई, आठ वर्षं खोट माझ्यात होती. चंद्रप्रभेत नव्हती. डॉक्टरनं दाखवलं. तिनंच मला बरं केलं. भोकरला कायमचा नकार कळव."

आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

"येवढी माया कोण करतं रे बायकोवर? तिची लाज झाकायला सोताच्या अंगावर घेतलंस. तुझ्या बापानं नसतं केलं."

"आई, मी खरं सांगतोय."

"हाव हाव. तिनं शिकवून धाडलं असंल. असू दे, मी कुणाला बोलत न्हाई. तुझ्यासारख्या गड्यात खोट असती व्हय?"

दुपारी शेजारच्या बाईला सांगताना ऐकलं, शेषू देवमाणूस आहे म्हणून. संध्याकाळी लाडू केले. खरं सांगून मी पुन्हा देवमाणूसच ठरलो. आणि खरं सांगायचं तर मला जरा बरंही वाटलं. मी सांगितलं, तिला पटलं नाही, माझं काम संपलं.

मार्गशीर्ष शुद्ध १२. लातूर

वही सोबत आणली आहे. सासऱ्यांच्या ओसरीवर बसून लिहितो.

दुपारी पोचलो. सासऱ्यांनी पाणी दिलं, प्रवास विचारला. वीरण्णा गल्लीतून जाताना दिसला आणि रामराम घालून गेला. मी उठून रामराम केला. चंद्रप्रभा आतून आली, चौकटीला टेकून उभी राहिली. चेहरा खुललेला दिसला. बघून बरं वाटलं, आणि तसं म्हणालो. ती म्हणाली, "आईला सांगितलं?"

"सांगितलं."

"सगळं?"

"सगळं. अगदी समोर बसून. तिला पटलं नाही. तिला वाटलं, मी तुझ्यासाठी खोटं बोलतोय."

"मंग तुम्ही काय म्हणले?"

मी लाडवाचा डबा पुढं केला. आईनं दिलेत म्हणालो.

तिनं डबा घेतला नाही.

"भोकरला कळवलं?"

"आई म्हणते, बाळंतपणापर्यंत थांबू."

ती माझ्याकडं वळून म्हणाली, "तुम्हाला माझं पटायला खुर्दबीन लागली. आईला काय लागंल ते बघा. गल्लीतल्या बायांपुढं सांगा, तालमीत सांगा, भोकरला जाऊन सांगा. पटेस्तोवर सांगा. मी हितं हाय."

आणि आत गेली. रागावून नाही. आतून ती पाट्यावर मसाला वाटत असल्याचा आवाज येतो आहे.

सकाळची पहिली मोटार धरतो. नांदेडला उतरून घरी न जाता भोकरची गाडी पाहणार आहे. माधवरावांपुढं पहिलं वाक्य काय बोलायचं ते मघापासून जुळवतो आहे. अजून जुळलेलं नाही.